दोन किल्ल्यांचा ट्रस्ट

धाकट्या मुलाला जुळी झाली त्या वर्षी कुलूपवाल्या म्हाताऱ्याने घर विकलं आणि आपल्या देखभालीसाठी पैसा ट्रस्टमध्ये ठेवला. थोरला आणि धाकटा, त्याच्या दोन्ही मुलांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. जन्मभर त्याने भागीदारांसाठी दोन किल्ल्यांच्या तिजोऱ्या केल्या, तशीच अट इथे घातली: दोघांच्या सह्यांशिवाय पैसा निघायचा नाही. म्हणजे एकटा कोणी खाणार नाही.

पुढे त्याला लकवा झाला आणि तो थोरल्याच्या मागच्या खोलीत पडून राहिला. नर्सचा पगार काढायची वेळ आली.

"आधी त्याला सही करू दे," थोरला म्हणाला.

"नर्स तुझ्या घरात राबते, मी का सही करू?" धाकटा फोनवर खेकसला.

"मेल्यांनो, मी अजून जिवंत आहे!" म्हातारा ओरडला.

"तेच तर!" थोरली सून म्हणाली.

नर्स दोन महिने बिनपगारी थांबली, मग पिशवी उचलून गेली.

"कुलूप चोरांसाठी केलं," म्हातारा भिंतीला म्हणाला, "आणि कोंडला गेलो मीच."

उरलेला पैसा वाटून घ्यायच्या कागदावर मात्र दोघा भावांनी एकाच पेनाने सह्या केल्या. कारण जुळी शाळेत जायला लागली त्या वर्षी, ऐन थंडीत, म्हातारा वारला.