एकविसाव्या दिवसाची रेघ

मित्रांनो, मी एक जुनी एक्स-रे फिल्म आहे, पण माझ्यात आता एकही हाड सापडायचं नाही. लातूरच्या एका दवाखान्यात, भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डातल्या खिडकीला मी टांगलेली आहे. सकाळचं ऊन आलं की माझ्यावरच्या रंगीत रेघा समोरच्या भिंतीवर उतरतात आणि हाताला पट्ट्या बांधलेली चिल्लीपिल्ली त्यांना पकडायला धावतात. सिंधु सिस्टर ओरडतात, "अरे, भिंत काय पळून चालली का?" मला मोठी मजा वाटते. पण मी इथवर आले कशी, ते सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. जन्मल्याबरोबर मला काळ्या कागदात गुंडाळलं आणि शंभर बहिणींबरोबर डब्यात बंद केलं. उजेड लागला की तुझं आयुष्य वाया, एवढीच शिकवण मला मिळाली होती. त्यामुळे मी भित्री होते. डबा हलला तरी मला धडकी भरायची.

आणि एके दिवशी तर जमीनच हलली. त्र्याण्णवच्या सप्टेंबरातल्या शेवटच्या पहाटेची ती गोष्ट तुम्ही घरच्या मोठ्यांकडून ऐकली असेल. त्यानंतर दवाखान्यात माणसं येतच राहिली. रियाजभाई तेव्हा एक्स-रे विभागात नवेच लागले होते. तीन दिवस ते घरी गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझी पाळी आली. गुरम्मा नावाच्या बाईचा उजवा पाय माझ्यावर उमटला. काळोख्या खोलीत लाल दिव्याखाली मी टाकीतून बाहेर आले, आणि काय सांगू, माझ्या अंगभर एक पांढरंशुभ्र हाड, मधोमध तडकलेलं! फिल्म बघायच्या पेटीतली ट्यूब गेली होती, म्हणून डॉक्टरांनी मला खिडकीशी धरलं. "हाड बसेल. पाय वाचतो," ते म्हणाले. ज्या उजेडाला मी जन्मभर भ्याले, त्यानेच मला शहाणं केलं.

गुरम्माने मला आठ वर्षं जपलं. आधी पत्र्याच्या शेडमध्ये, मग नव्या घरात. पाहुणा आला की चहाच्या आधी मी बाहेर निघायचे. "बघा, ही मी. आतून," ती म्हणायची. तिचा पाय केव्हाच बरा झाला होता, पण माझा मान कमी झाला नाही.

मग दोन हजार एक साली ती सहज दाखवायला म्हणून दवाखान्यात आली. रियाजभाईंनी विचारलं, "माई, जुनी फिल्म लागती का तुम्हाला? आमच्याकडं कामाला येती."

गुरम्माने क्षणभर मला छातीशी धरलं. मग हसून म्हणाली, "घ्या की. पाय माझ्यापाशी हाय, फोटो तुमच्यापाशी राहू द्या."

रियाजभाईंनी मला गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवलं आणि काथ्याने घासलं. माझ्यावरचा काळा रंग गेला, पांढरं हाड गेलं, गुरम्मा गेली. उरली एक निळसर, आरपार दिसणारी कोरी फिल्म. रियाजभाईंनी कुणाला टोचू नये म्हणून माझे कोपरे गोल कापले आणि मला कपाटामागे उभं केलं. तिथे मी चार महिने होते, मित्रांनो. ज्याच्यावर काही उरलं नाही, त्याचा कुणाला काय उपयोग, असं मला वाटायचं.

त्याच वेळी डॉक्टर मुज्तबा एक संशोधन करत होते. भाजलेल्या जखमेला नेहमीची जाळीची पट्टी चांगली की केळीच्या पानाची, एवढा साधा प्रश्न. अर्धापूरहून एसटीने पानं यायची. सिंधु सिस्टर ती धुऊन, मधला दांडा काढून, जाळीवर चिकटवून वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायच्या. वॉर्डात लग्नाच्या पंगतीसारखा वास सुटायचा. पान जखमेला चिकटत नाही, पट्टी सोडताना पोरं रडत नाहीत, असं डॉक्टरांना वाटत होतं. पण वाटून भागत नाही, मोजावं लागतं. जखमेवर पातळ प्लास्टिक ठेवायचं, त्यावर माझ्यासारखी फिल्म, आणि पेनाने जखमेच्या कडेकडेने रेघ ओढायची. मग फिल्म आलेखाच्या कागदावर ठेवून रेघेच्या आतले चौकोन मोजायचे. चौकोन कमी झाले की जखम भरतेय.

अशी मी मनस्विनीच्या घरी आले.

मनस्विनी म्हणजे तीन वर्षांच्या रेणूची आई. बी.एस्सी. झालेली, डोळ्यांत तेल घालून लेकीला जपणारी. प्लगला चिकटपट्टी, दाराला उशी, औषधाच्या बाटलीवर तारीख. तिचा नवरा अंबरीश शिकवणीच्या वर्गांत फिजिक्स शिकवायचा, आणि सासूबाई प्रेमलाताई वरच्या खोल्यांत राहणाऱ्या बारावीच्या सहा मुलींची खानावळ चालवायच्या. त्या वर्षांत लातूरच्या घराघरात अशा मुली होत्या. क्लासची वेळ झाली होती, पंगत घाईत बसली होती, वरणाचं पातेलं खाली ठेवलेलं. मनस्विनी गॅस बंद करायला वळली, तेवढ्यात रेणूने पळी ओढली आणि कढत वरण तिच्या हातावर सांडलं.

प्रेमलाताई टूथपेस्ट घेऊन धावल्या. पण मनस्विनीने लेकीचा हात सरळ नळाखाली धरला आणि वीस मिनिटं हलवला नाही. तिचं तेवढं एक बरोबर झालं, असं डॉक्टर पुढे म्हणाले. तिला मात्र ऐकू आलं ते फक्त "तेवढं एक".

रेणूचा डावा हात मनगटापासून कोपराच्या वळणापर्यंत भाजला होता. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "जखम ना वरवरची, ना पार खोल. एकविसाव्या दिवसापर्यंत आपोआप बंद झाली तर उत्तम. नाही झाली तर बाविसाव्या दिवशी मांडीची कातडी काढून इथे लावू. त्याहून उशीर केला तर वण जाड होतो, कोपर आखडतं."

मनस्विनीने संशोधनाच्या संमतीचा कागद तीनदा वाचला आणि अकरा प्रश्न विचारले. अकरावा असा होता, "डॉक्टर, पेशींपासून कातडी वाढवतात म्हणे मोठ्या शहरांत. मी पेपरात वाचलंय. ते नाही का करता येणार?"

"तशा प्रयोगशाळा इथे नाहीत, बाई," डॉक्टर म्हणाले. "पण तुमच्या लेकीच्या केसांच्या मुळाशी त्याच पेशी बसल्यात. त्यांना काम येतं. आपण फक्त त्यांच्या कामात लुडबूड करायची नाही."

पान की जाळी ते ठरवायला बंद पाकिटातली चिठ्ठी काढली, पान निघालं. प्रेमलाताईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! पानावर जेवायला बसतात. लेकराचा हात पानात गुंडाळायला ही काय चमकुऱ्याच्या, अळूच्या पानाची वडी हाय?"

रेणू मात्र खूश झाली. "माझा हात वडी! माझा हात वडी!"

पट्टी काढून टाकल्यावर रियाजभाईंना आत बोलावलं. कुणाला पान, कुणाला जाळी हे त्यांना कळू द्यायचं नाही, असा नियमच होता. त्यांनी माझ्यावर काळ्या पेनाने पहिली रेघ ओढली. चौसष्ट चौकोन. मग सिंधु सिस्टरनी मनस्विनीला घरी पट्टी कशी बदलायची ते शिकवलं, निर्जंतुक पानांची पाकिटं दिली, आणि मला तिच्या हातात ठेवलं. दर दोन दिवसांनी वेगळ्या रंगाची रेघ ओढायची, कितवा दिवस ते आणि चौकोनांचा आकडा लिहायचा. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या आकड्यांवरच मी ऑपरेशनची तयारी ठरवणार."

घरी चौकोन मोजायला वरच्या मुली खाली यायच्या. त्यांच्यात देगलूरची अर्शी सगळ्यात चटपटीत. "काकू, अर्ध्याच्या वर असला तर पूर्ण धरायचा, कमी असला तर सोडायचा," ती सांगायची. सहा डोकी माझ्यावर वाकायची. सहाव्या दिवशी एकोणसाठ. आठव्या दिवशी चोपन्न. दहाव्या दिवशी एकोणपन्नास. बाराव्या दिवशी चव्वेचाळीस. मनस्विनीचा चेहरा खुलत चालला. प्रेमलाताईसुद्धा म्हणाल्या, "पानात काय तरी हाय म्हणायचं."

बाराव्या दिवशी अर्शीने सगळे आकडे वहीत मांडले आणि ती एकेका आकड्यावर बोट ठेवत गेली.

"काय गं?" मनस्विनीने विचारलं.

"काकू, रागावू नका. पण दर वेळी बरोबर पाच कमी कसे होतात? ग्राफ एकदम सरळ आलाय. आम्ही प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधी ठरवून रीडिंग लिहितो ना, तवाच असा येतो."

"म्हणजे मी खोटं लिहून राहिले?"

"तसं न्हाई हो काकू…"

"जा, क्लासला उशीर होतोय."

अर्शी गेली. मनस्विनीने मला उचललं आणि बराच वेळ उजेडाकडे धरून पाहिलं. मला सगळं ठाऊक होतं. तिच्या पेनाखाली मीच तर होते. दर वेळी ती कडेवर पेन टेकवायची आणि श्वास धरून किंचित आत यायची. जिथे लाल होतं, तिथे तिला गुलाबी दिसायचं. हात खोटारडा नव्हता हो. हात आईचा होता. पण मला तोंड कुठलं?

चौदाव्या दिवशी दवाखान्यात रियाजभाईंनी पुन्हा काळी रेघ ओढली, आणि ती मनस्विनीच्या शेवटच्या रेघेच्या चांगलीच बाहेर पडली. सत्तावन्न चौकोन.

"वाढली!" मनस्विनीने रेणूला मांडीवर ओढलं. "डॉक्टर, दोन दिवसांत वाढली जखम!"

डॉक्टरांनी जखम निरखली. "ही जखम तर बरी दिसतेय. वाढलेली नाही."

"हाव, ताई, कडा साफ हायेत," रियाजभाई म्हणाले.

मनस्विनीने एकदा आपल्या रंगीत रेघांकडे पाहिलं, एकदा काळ्या रेघेकडे. मग हळूच म्हणाली, "डॉक्टर, ते आकडे खोडा. माझा पेनच आत वळत होता. मुद्दाम नाही, पण… वळत होता."

मला वाटलं, आता डॉक्टर रागावणार. त्यांनी खुर्ची ओढली आणि ते तिच्यासमोर बसले. "बाई, मी स्वतः रेघ का ओढत नाही, माहीत आहे? पानाची कल्पना माझी आहे. माझाही पेन आत वळेल. म्हणून तर रियाजभाईंना पट्टी निघेपर्यंत दाराबाहेर उभं करतो."

"आन मी इतक्या दिवसांपासून विचार करतोय की माझं काय चुकलं!" रियाजभाई म्हणाले, आणि मनस्विनीला रडता रडता हसू फुटलं.

तिचे चारही आकडे खोडले गेले. डॉक्टरांनी बाविसाव्या दिवसाचं ऑपरेशन वहीत लिहिलं. एका आठवड्यात सत्तावन्न चौकोन भरायचे होते.

सोळाव्या दिवशी मनस्विनीने पेन उचलला. आधी अर्शीला वरून हाक मारली. "बस इथे. मी आत वळले तर सांग."

"काकू, त्या दिवशी मी जास्तच बोलले…"

"बरोबर बोललीस. बस."

पेन कडेवर आला. आत वळायला अधीर झाला. मनस्विनीने ओठ घट्ट मिटले आणि अगदी बाहेरच्या लालसर काठावरून रेघ नेली. जखमेच्या मधोमध मोत्यासारखे ठिपके दिसले. पू झाला की काय! तिने ते पुसले नाहीत, झाकले नाहीत, रिक्षा करून दवाखाना गाठला. सिंधु सिस्टर बघून हसल्या. "पू नव्हं, बाई, नवी कातडी हाय ती. केसाच्या मुळातून वर येऊन राहिली. आता ही बेटं एकमेकाला भेटतील, बघा."

सोळाव्या दिवशी सेहेचाळीस. अठराव्या दिवशी सत्तावीस. विसाव्या दिवशी दोन.

अर्शीने नवा आलेख काढला. आधी सपाट, मग एकदम खाली घसरलेला. "वाकडा आलाय, काकू," ती नाचत म्हणाली. "आता खरा वाटतोय!"

आणि उजाडला एकविसावा दिवस. घरात कुणी नीट जेवलं नाही. प्रेमलाताई देवापुढून उठून थेट दवाखान्यात आल्या. पट्टी निघाली, रियाजभाई आत आले. त्यांनी मला रेणूच्या हातावर ठेवलं, पेनाचं टोपण काढलं आणि वाकले. मनगटापासून बघत कोपरापर्यंत गेले. पुन्हा मनगटापर्यंत आले. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.

"काय झालं?" मनस्विनी पुढे झुकली.

"ताई," रियाजभाईंनी टोपण पेनाला लावलं, "रेघ ओढायला जागाच न्हाई."

रेणूने हात सरळ केला, कोपर वाकवलं आणि दोन्ही हातांनी टाळी वाजवली. "माझी वडी झाली!" प्रेमलाताईंनी आधी नातीचा मुका घेतला, मग सुनेला जवळ ओढलं. "लई बघत बसतीस म्हणून मी तुला बोलायची," त्या म्हणाल्या. "बघत जा, बाई. बघत जा."

डॉक्टरांनी वहीतलं ऑपरेशन खोडलं. रियाजभाईंनी माझ्या कोपऱ्यात एकवीस आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे काहीच काढलं नाही. मग मला वॉर्डातल्या खिडकीला टांगलं.

मित्रांनो, हाड धुऊन गेलं तेव्हा मी कोरी झाले म्हणून किती झुरले होते! त्या दिवशी मात्र माझ्यावर काही काढता आलं नाही आणि सगळा वॉर्ड हसत होता.

संशोधन पुढे बरीच वर्षं चाललं. कुणाला पान लाभलं, कुणाला जाळी, ते डॉक्टरांच्या वहीत जसं होतं तसं लिहिलेलं आहे. तुमच्याकडे माझं मागणं थोडकंच आहे. गरम पातेलं जमिनीवर ठेवू नका, आणि कुणी ठेवलं तर "उचला" म्हणून ओरडा. कुणाला भाजलंच, तर आधी नळाचं गार पाणी, भरपूर वेळ, मग दवाखाना. आणि मोजायला बसलात, तर कितीही जवळच्या माणसाचं असो, पेन कडेवरून हलू देऊ नका.

आता मला ऊन लागतं, पण मी भीत नाही. नवी एखादी आई घाबरून लेकराला कडेवर घेऊन माझ्यासमोर थांबते. एकेक रंग मोजते. मग विचारते, "सिस्टर, एकवीस लिहिलंय, पण त्याची रेघ कुठंय?"

सिंधु सिस्टर पानं धुता धुता मान वर करून सांगतात, "तीच तर बघायची, बाई."