नाव घेतल्याबिगर

"नाव घे वं दुखन्याचं, दुखनं ऐकते हाकेले,
मुकं ठेवशीन नाव त्याचं, पुन्हा येईन मुक्कामाले."

उमरेडच्या घरात हातमागाच्या ठेक्यावर बायजाबाईचा हा आवाज उठायचा. धोटा इकडून तिकडे धावायचा आणि ओवी त्याच्या मागे मागे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात खोचलेली पळसाची फांदी उपटायची, लेकीच्या हाती द्यायची अन् म्हणायची, "निस्तं ईडापीडा म्हणू नको, पोरी. ईडापीडा कोनाची बी असते. आपल्या घरची कोनती, ते सांग." मग घराघरातली पीडा गावाबाहेर नेणाऱ्या मारबतीचा पुतळा दारावरून जाताना छोटी अनुसया सांगायची. मायचा खोकला घेऊन जा गे मारबत. भावाचा ताप घेऊन जा गे मारबत. बापाची दारू घेऊन जा गे मारबत. दारूचं नाव निघालं की खाटेवरचा बाप भिंतीकडे तोंड करायचा.

बायजाबाई गेली. अनुसया लग्न होऊन नागपुरात, सक्करदऱ्याकडच्या विणकरांच्या गल्लीत आली, सासू झाली, केस पांढरे झाले. गल्लीतले मागही एकेक करून भंगारात गेले. मारबत मात्र राहिली. दर पोळ्याला गल्लीतली पोरं बांबू-कागदाचा बडग्या बांधायची. लोकांना जे छळतं त्याचा तो पुतळा. दारोदार फिरवायचा, मग शहराच्या मोठ्या मिरवणुकीत न्यायचा आणि शेवटी जाळायचा. त्याच्यापुढे कोणती हाक द्यायची, ते ठरवायचं काम अनुसयेचं. हाक यमकात बसली पाहिजे, आणि लोक हसले पाहिजेत.

यंदा बडग्याच्या पोटाला टँकरचा पाइप लावला होता. मारुतीच्या पारावर पोरं खळ लावत बसली होती, तेवढ्यात पांढऱ्या गाडीतून वैभवभाऊ उतरला. दोनदा नगरसेवक झालेला. आता निवडणूक रखडली होती, पण प्रभागात शब्द अजून त्याचाच. गल्लीतल्याच नानाजी विणकराचा हा पोरगा. अनुसयेच्या ओट्यावर बसून त्यानं लहानपणी चून-भाकर खाल्लेली.

"मावशी, यंदा काय ठेवलं?"

"टँकर."

"अरे वा! टँकर त माहाच आहे!" तो खदखदून हसला. "पोट मोठं करा गा पोरंहो, माह्यासारखं. बांबू कमी पडला त फोन करा, अजून पाठवतो."

बांबू दरवर्षी त्याचेच असत. कपडाही त्याचाच. पहिल्या वर्षी अनुसयेला याचं नवल वाटलं होतं. जाता जाता तो तिच्याजवळ वाकला.

"हाक अशी बसव, मावशी, का लोकं पोट धरून हसले पाहिजेत. लोकं हसले का मोकळे होतात. आन् मोकळे झाले का राग बडग्यासंगच जळून जाते." चारी दिशांना हात जोडले आणि गाडीत बसला.

शेजारची शोभाताई खळीचं पातेलं ढवळत होती. ती म्हणाली, "चोर आहे वं, पण आपला चोर आहे. खाते, पण वाटते त सही. तुह्या घरधन्याले दवाखान्यात बेड कोनं देला? याच्याच फोननं भेटला ना? मागच्या खेपेले तो साफसुथरा मास्तर उभा राह्यला होता. कोनाच्या मयतीले आला होता का तो?"

अनुसया कागदाला खळ लावत राहिली. खोटं काय होतं त्यात? तिच्या मालकाच्या तिरडीला वैभवनं खांदा दिला होता, अनवाणी. एवढं खरं होतं, म्हणूनच दुसरं खरं तोंडातून निघत नव्हतं.

ते असं झालं होतं. चैत्रात ती भल्या पहाटे देवाला फुलं तोडायला निघाली. गल्लीच्या तोंडाशी नळाच्या मोठ्या लाइनीचा खड्डा उघडा होता आणि एक माणूस वाकून लोखंडी चावी फिरवत होता. पाणी सोडून राहिला असेल, असं तिला वाटलं. घरी आली तर नळातून नुसती हवा फुसफुसत होती. ऊन चढल्यावर वैभवच्या फोटोचा टँकर आला. बाया गुंड-कळशा घेऊन धावल्या, तीही धावली. पाइप हातात येताच त्या फोटोकडे पाहून तिच्याच तोंडून निघालं होतं, "देव तुहं भलं करो, बाबू."

खड्ड्यावर वाकलेला माणूस तिचा पंकज होता. पोटचा पोरगा. नळाच्या खात्यातली ही ठेकेदारीतली नोकरी त्याला वैभवनंच लावून दिली होती. तो सगळा उन्हाळा अनुसयेनं टँकरच्या रांगेत काढला, बायांचे आशीर्वाद ऐकत. तिनं सुनेला, हर्षालाही, काही सांगितलं नाही.

पोळ्याच्या दिवशी बैलांना ओवाळून झालं, पुरणपोळ्या झाल्या. पंकज हात धुऊन उठला, तेव्हा ती म्हणाली, "यंदा मी नाव घेणार आहे."

"कोनाचं?"

"तुले माहीत आहे कोनाचं."

पंकजनं आधी दार लोटून घेतलं. "माय, वेडी झाली का? नोकरी जाईन माही. आन् मी काय केलं? वरून फोन येते, मी निस्ती चावी फिरवतो."

"मी बी निस्तं मताचं बटनच दाबलं, बाबू. दोन्ही खेपेले. तुही चावी न् माहं बटन, दोघांनी मिळून गल्ली तहानली ठेवली."

"लोकं तुह्यावरच उलटतीन! दवाखान्याचं काढतीन!"

"काढू दे. त्यानं बेड देला, ते मी विसरली नाही. पण आपलंच पाणी तोडून आपल्यालेच पाजते, आन् वरून आपण त्याले दुवा देऊन राहिलो. असा दुवा फळते का गा कोनाले?"

हर्षा चुलीपाशी पातेलं घासत होती. तिचा हात थांबला. ती नवऱ्याकडे बघत राहिली, आणि मग पुन्हा घासू लागली, आधीपेक्षा जोरात.

"मंग सांग," पंकज म्हणाला. "पण मले पाहून सांगू नको."

"तुले पाहूनच सांगीन. लपून सांगितलं त मंग त्याच्यात न् माह्यात फरक काय?"

सकाळी ढोल वाजला. बडग्या झुलत झुलत निघाला, टँकरचं पोट हलवत. दारोदारच्या बाया फांद्या घेऊन उभ्या होत्या. शोभाताईनं गुडघेदुखी दिली, कोणी डेंग्यू दिला, कोणी मोबाइलचं वेड दिलं. "घेऊन जा गे मारबत!" गल्ली हसत होती. ढोलापुढे वैभवभाऊ नाचत होता, गळ्यात झेंडूची माळ, सगळ्यांत मोठ्यानं हसणारा तोच.

अनुसयेच्या दारापाशी बडग्या थांबला. पंकज कामावर गेला नव्हता. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. पळसाची फांदी त्यानंच उपटली आणि मायच्या हातात दिली.

"हाक दे, मावशी!" पोरं ओरडली. "फर्मास होऊ दे!"

तिनं फांदी वर केली. यमक जुळवलं नव्हतं. तिनं हात दाखवला तसा ढोल थांबला. वैभव घाम पुसत हसतमुखानं तिच्याकडे वळला. तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग पंकजकडे, आणि मायच्या त्या उमरेडच्या सुरात, एकेक शब्द मोकळा सोडत, म्हणाली,

"आपला नळ बंद करून आपल्यालेच टँकर पाजणाऱ्या, माह्या ओट्यावर भाकर खाल्लेल्या, नानाजीच्या वैभवचं राज घेऊन जा गे मारबत! चावी माहा पंकज फिरवते, याच्याच फोनवरून. चैतापासून मी पाहून राहिली."