समोरचं दार

नात दोन वर्षांची होऊन गेली तरी तोंड उघडेना, तेव्हा मोठ्याबाईंनी देव पाण्यात घातले. अख्ख्या इमारतीत त्यांच्या जिभेपुढे कुणाची टाप नव्हती, अन् त्यांच्याच घरात पोर मुकी निघावी?

नणंद आली ती खापर फोडायला कुणीतरी शोधूनच. "वहिनी, खाली वायरमन एक भाषा बोलतो, वर नर्सबाई दुसरी, अन् समोरची शिवणवाली तिसरीच. पोरीनं ऐकावं तरी कुणाचं? आधी ते दार लावा."

समोरासमोरची ती दोन दारं दिवसभर सताड उघडी असायची. शिवणवाली मशीनवर बसून आपल्या भाषेत बोलायची, मोठ्याबाई भाजी निवडत आपल्या. निम्मं कळे, निम्मं नाही. सुनांच्या कागाळ्या तेवढ्या दोघींना नीट कळत. मधल्या जागेत पोर चिंध्यांत लोळायची.

मोठ्याबाईंनी दार लावलं.

सून म्हणाली, "आई, तिला वाईट वाटेल हो."

"वाटू दे! माझ्या नातीपुढे कोण लागून गेली ती?"

पोरीचं बोलणं तर राहिलंच, होतं ते खिदळणंही थांबलं. दाराला कान लावून मशीनची घरघर ऐकत बसे. शिवणवालीनं एकदा कडी वाजवली. मोठ्याबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, अन् त्या दिवशी पालेभाजीतली निम्मी माती घरानं खाल्ली.

एका दुपारी मशीन थांबलं. पोर उठली, कमरेवर हात ठेवले, मान तिरकी केली अन् बंद दारावर अख्खं वाक्य फेकलं. खणखणीत. शिवणवालीच्या भाषेत!

मोठ्याबाईंच्या हातातली जुडी खाली पडली. शब्द कळले नाहीत, पण तो कमरेवरचा हात, तो ठसका...

सून तोंडाला पदर लावून म्हणाली, "आई, या तर तुम्हीच!"

मोठ्याबाईंनी धाडकन दार उघडलं. समोर शिवणवाली उभी, डोळे भरलेले, ओठांवर हसू.

"काय म्हणाली गं ही?"

शिवणवालीनं मोडकंतोडकं जुळवलं. "म्हणते, 'दार उघड गं भवाने, कान फुटले का?'"

"अगं बाई! हे शिकवलं कुणी?"

शिवणवालीनं नुसतं बोट केलं, मोठ्याबाईंकडे.

पोर केव्हाच चिंध्यांत जाऊन पडली होती. मोठ्याबाईंनी भाजीची टोपली उचलून थेट समोरच्या उंबऱ्यावर मांडली.

"सूनबाई, आत्याबाईंना कळव, पोरीला तोंड फुटलं. भाषा हिची असेल, पण तोंड माझं आहे म्हणावं!"