तिसरा कधी?

रंगाऱ्याच्या स्वतःच्या घराला रंग कधी लागला, हे रंगाऱ्याच्या बायकोला विचारू नये. या बाईला तर मुळीच विचारू नये. तिच्या नवऱ्याने अर्ध्या शहराच्या भिंती उजळून काढल्या होत्या, आणि घरची पुढची खोली लग्नाच्या वर्षापासून होती तशी, मळक्या चुन्याची. सव्वीस वर्षं.

म्हणजे सुरुवात झाली नव्हती असं नाही. नव्या संसाराच्या पहिल्याच आठवड्यात त्याने मोठ्या हौसेने त्या खोलीच्या भिंतीवर चार चौकोन रंगवले होते, वहीच्या पानाएवढे, एका ओळीत. मोतिया, पिस्ता, अबोली आणि आकाशी. गिऱ्हाइकाला नमुना दाखवतात तसे. निवड, म्हणाला. ती खिडकीशी उभी होती, तो दारात शिडीला टेकून. तिने ओळीवरून नजर फिरवली आणि लाजत म्हणाली, तो तिसरा. ठरलं तर मग, असं म्हणून तो कामाला गेला, आणि त्या वर्षीचा हंगाम सुरू झाला.

उन्हाळा हा रंगाऱ्याचा हंगाम. भिंती खडखडीत वाळलेल्या, लोकांना घाई, माणूस सकाळी शिडीवर चढला की संध्याकाळीच उतरायचा. हंगाम संपला की हवेत ओल, मग रंग धरत नाही. त्यामुळे खोलीचं काम पुढच्या वर्षावर, पुढचं त्याच्या पुढच्या. ती मधूनमधून विचारायची, "तिसरा कधी?" तो म्हणायचा, बघू या वर्षी. दोन मुली झाल्यावरही हे चालूच राहिलं, तेव्हा भिंतीपलीकडून ऐकणाऱ्या शेजारणीने एकदा तिला बाजूला घेऊन समजावलं होतं, की बाई गं, दोघी आहेत त्या पुष्कळ आहेत, आता तिसऱ्याचा हट्ट कशाला? हा किस्सा ती पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिली आणि दर वेळी हसताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

आता घरच सुटणार होतं. डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्यांकडे बघून शिडीवर चढायला साफ मनाई केली होती. थोरल्या मुलीच्या शहरात एका रंगाच्या दुकानात काउंटरवर काम मिळालं होतं; तिथे मशीनमध्ये नंबर घातला की शेड आपोआप तयार होते म्हणे. सोमवारी सकाळी ट्रक येणार होता. तिनेही दवाखान्यातलं पेशंटांना नंबर देण्याचं काम शुक्रवारी सोडलं होतं.

राहिले शनिवार आणि रविवार, उन्हाळ्याचे शेवटचे. या दोन दिवसांत तिला एकच गोष्ट हवी होती. शहराबाहेरचं तळं, आणि त्यात होडीतून एक फेरी. बसने पाऊण तासावर होतं ते. हंगाम म्हणून सव्वीस उन्हाळे हुकलं होतं. या रविवारनंतर होड्या काठावर ओढून ठेवणार होते, पुढल्या उन्हाळ्यापर्यंत. आणि पुढल्या उन्हाळ्याला ती इथे नसणार होती. शनिवारी जायचं नवऱ्याने कबूल केलं होतं.

शनिवारी सकाळी ती डबा भरून, चपला घालून बसली होती, आणि हा दारात आला तो दोन्ही हातांत रंगाचे डबे घेऊन. चेहरा असा की लॉटरी लागली असावी.

घर सोडायच्या आधी शब्द पुरा करतो, म्हणाला. तिने त्याला वेड्यात काढलं. राहायला दुसरंच कुणी येणार, आणि आपण त्यांच्यासाठी भिंती रंगवायच्या? आणि गुडघ्यांचं काय? त्यावर हा म्हणे, खोली बुटकी आहे, स्टुलावर उभं राहून भागतं. आणि तळं? तळं उद्या. उद्या नक्की. तिने चपला काढल्या आणि डब्यातलं भरलेलं पुन्हा पातेल्यात काढलं.

रंगाचा एक थर म्हणजे एक हात. पहिला हात आज, दुसरा उद्या सकाळी, दुपारच्या बसला मोकळे, असं त्याचं गणित. त्याने बांधलेली गाठोडी मधोमध ओढून वर जुनी चादर टाकली, डब्याचं झाकण उचकटलं आणि रोलर बुडवला. ती चहा घेऊन आली तेव्हा एक अख्खी भिंत झाली होती.

भिंत पिस्ता रंगाची होती.

तिने भिंतीकडे पाहिलं, चार चौकोनांकडे पाहिलं, आणि चहा स्टुलावर ठेवला. तिचा तिसरा अबोली होता. खिडकीकडून तिसरा. दाराकडून मोजलं तर तिसरा येतो तो पिस्ता. सव्वीस वर्षं दोघं एकच शब्द बोलत होते आणि दोन वेगवेगळ्या खोल्यांत राहत होते. जन्मभर शेडचे नंबर वाचणारा हा माणूस आणि दवाखान्यात नंबर वाटणारी ती, पण घरच्या चार चौकोनांवर पेन्सिलीने आकडा घालायचं कुणालाही सुचलं नव्हतं.

बोलायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती त्याला ओळखून होती. एवढं कळलं तर हा आत्ता दुकान गाठणार, नवे डबे आणणार, पुन्हा पहिल्यापासून दोन हात मारणार, आणि रविवार गेला. तळंही गेलं. तेव्हा अबोली निवडणाऱ्या बाईने मूग गिळले. कसा वाटतो, असं त्याने दोनदा विचारलं. ती म्हणाली, वाळल्यावर कळेल.

दिवसभर तिला राग येत होता, त्याचा आणि स्वतःचाही. सव्वीस वर्षांत एकदा तरी म्हणायचं होतं, अबोली. त्या शब्दाला काही पैसे पडत नव्हते.

रविवारी बारापर्यंत दुसरा हात झाला. खोली झाली होती मात्र सुरेख. त्याच्या कामाला नाव ठेवायला जागाच नसायची. सगळीकडे रंग एकसारखा, कोपरे रेघ मारल्यासारखे. चार चौकोनांची ती पट्टी त्याने दोन्ही दिवस मुद्दाम सोडली होती. आता त्याने तिला हाक मारली आणि रोलर तिच्या हातात दिला.

"हे तू पूस," तो म्हणाला. "फार वर्षं तोंड बघितलंस त्यांचं."

तिने मोतियावरून रोलर फिरवला. मग पिस्त्यावरून, तो तर भिंतीत कधी विरघळला ते कळलंही नाही. मग मधला एक सोडून दाराकडचा आकाशी घालवला. आणि रोलर खाली ठेवला.

"हा राहू द्या," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग भिंतीकडे. त्याचे ओठ हलले. दाराकडून मोजत होता. मग मान वळवून त्याने खिडकीकडून मोजलं.

"खिडकीकडून?"

"खिडकीकडून."

तो स्टुलावर बसला. वाईट तर त्याला वाटलंच, लपवताही येईना. कपाळाला रंग लागलेला, गुडघे दाबत बसलेला तो माणूस बघून तिचंही काळीज हललं.

"काल का नाही बोललीस?"

"काल बोलले असते तर आजचं तळं गेलं असतं."

तो लगेच उठला. दुकान एकपर्यंत उघडं असतं, तो म्हणाला, आत्ता जातो, दोन्ही हात संध्याकाळपर्यंत उरकतो, अबोली तर अबोली. तो खिशात पाकीट चाचपत असताना तिने दार अडवलं.

"अहो, या खोलीत राहून झालं आपलं," ती म्हणाली. "आता रंग नको. मला तळ्यावर न्या."

त्याचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला. मग त्याने एक इंची ब्रश घेतला आणि त्या एकट्या चौकोनाच्या कडा पिस्त्याने नीट करायला बसला. पट्टी नाही, दोरा नाही, नुसत्या हाताने. श्रीमंताघरी दाराच्या चौकटीला लावत नसेल एवढा जीव त्याने त्या चार रेघांना लावला. दुपारची बस त्यात चुकली. तोवर तिने डबा पुन्हा भरला.

तळ्यावर पोहोचले तेव्हा सहाला दहा मिनिटं होती. होडीवाल्याने दोर आवळायला घेतला होता. पूर्ण फेरी व्हायची नाही, तो म्हणाला, अर्ध्यातून वळवीन. तिने चालेल म्हटलं. होडी काठापासून सुटली तसे नवऱ्याने बसायच्या फळीला दोन्ही हात घट्ट धरले आणि पाण्याकडे बघेनासा झाला. तीन मजली शिडीवर शीळ घालणारा माणूस! इतक्या उन्हाळ्यांत हंगामाचं कारण किती खरं होतं, ते तिला तिथे कळलं. तिने एक हात पाण्यात सोडला, नखांतला पिस्ता निघतो का पाहिला, आणि दुसरा हात त्याच्या हातावर ठेवला. वळेपर्यंत ती खूश होती, वळल्यावरही.

सोमवारी ट्रक भरला. नवी भाडेकरीण, शाळेत शिकवणारी एक तरुण बाई, किल्ली घ्यायला आली आणि पुढच्या खोलीत शिरताच खुलली. मग तिची नजर भिंतीच्या मधोमध गेली.

"खोली किती छान केलीत," ती म्हणाली. "फक्त तेवढा डाग राहिला वाटतं?"

रंगाऱ्याच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. कुणी त्याच्या कामात डाग दाखवला तर या माणसाचं जेवण जायचं. पण त्याने शांतपणे किल्ली खिशातून काढली आणि त्या बाईच्या हातावर ठेवली.

"डाग नाही तो," तो म्हणाला. "तो आमच्या खोलीचा रंग आहे."