बाळाच्या फोटोतला काळा कपडा

मित्रांनो, फुलचंद फोटोवाल्याच्या जुन्या कॅमेऱ्यावरचा काळा कपडा तो मीच. आता मला कसर लागली आहे. कारंज्याच्या बाजारातून माझं कापड आलं, नथ्थू शिंप्यानं आतून लाल अस्तर लावलं आणि मी कामाला लागलो. काम सोपं होतं. फुलचंद मला डोक्यावरून घेई आणि कॅमेऱ्याच्या काचेत समोरची माणसं नीट दिसेपर्यंत भिंग मागेपुढे करी. मग तो फोटोची काचेची प्लेट आत सरकवी. पुढं माझी गरज नसे. लोकांनी फोटोची तारीफ केली की मलाही बरं वाटे. हल्ली मला काही वाटत नाही. ते कसं झालं एवढंच सांगतो.

मानमोडीची, म्हणजे त्या जीवघेण्या तापाची, साथ आली त्या सालची गोष्ट. साथ यायला अजून सात-आठ महिने होते. कामरगावच्या उकंडरावांची तीन नातवंडं एकामागून एक गेली होती. चौथी पोरगी जगली, म्हणून तिचा फोटो काढायचं त्यांनी मनावर घेतलं. आम्ही बैलबंडीतून गेलो. घरात अंधार, तेव्हा बाज अंगणात टाकली. उन्हात पोरगी डोळे मिटी आणि लिंबाच्या सावलीत तिचं तोंड काळं येई. शेवटी फुलचंदनं खुद्द उकंडरावांच्या हाती पांढरं धोतर ताणून दिलं, तेव्हा कुठं त्याचा उजेड पोरीच्या गालावर पडला. गावचा मोठा माणूस धोतर धरून उभा राहिला, पण नातीपुढं कुणाचं काय चालतं?

भिंगाचं झाकण काढल्यावर चार आकडे मोजेपर्यंत बाळानं हलायचं नसतं. पोरगी कुणाचं ऐकेना. आई रुख्मिणीच्या मांडीवर तेवढी ती गप्प बसे. रुख्मिणी त्या दिवशी नवं लुगडं नेसली होती.

"सुनेचं तोंड भिंतीवर टांगाचं काय?" उकंडराव म्हणाले. "लोक काय म्हनतीन?"

फुलचंद हुशार. "तिच्यावर कपडा टाकतो ना, मालक. पोरगी तेवढी दिसन."

रुख्मिणीनं हळूच विचारलं, "मी थोडी बी नाही दिसनार?"

"पुढच्या खेपेले तुमचा न्यारा फोटो काढू, बाई."

त्यानं मला तिच्या डोक्यावरून टाकलं. मी माझं काम चोख केलं. पोरगी हलली नाही आणि फोटो सुरेख आला.

पुढची खेप काही आली नाही. दिवाळीच्या आधीच रुख्मिणी मानमोडीत गेली.

सोळा वर्षांनी तीच पोरगी, जिजा, लग्न ठरल्यावर तो फोटो घेऊन दुकानात आली.

"काका, या कपड्याखाली माही माय आहे. कपडा काढून फोटो देता येते का?"

फुलचंदनं फोटो घेऊन दाराच्या उजेडात धरला. मग म्हणाला, "पोरी, काचेवर जे आलं तेवढंच असते."

"मंग तुमीच सांगा, कशी दिसे ते. घरचे म्हनतात सावळी होती, चांगली होती. पन त्यानं तोंड काही समोर येत नाही."

खोटं बोलणं सोपं होतं. फुलचंद खोटं बोलला नाही. "मले आठवत नाही. मी त्या दिवशी तुह्याकडंच पाहून राह्यलो होतो."

"बरं," असं म्हणून ती फोटो पदराखाली घेऊन निघून गेली.

मी तिथंच खुंटीवर होतो. चेहरा मलाही वर्णन करून सांगता आला नसता. पण एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. फुलचंदनं "एक" म्हटलं तेव्हा माझ्याखाली, अंधारात, रुख्मिणीनं मान ताठ केली आणि ती फोटोसाठी हसली. चार म्हणेपर्यंत ती हसतच होती. हे जिजाला सांगायला मला तोंड नव्हतं, आणि तेव्हापासून फोटोची तारीफ ऐकून मला काही वाटेनासं झालं.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळाचा फोटो निघेल तेव्हा बाळ हललं तर हलू द्या, पुसट आलं तर येऊ द्या. माझ्यासारख्या कपड्याला कसर लागली तरी काही बिघडत नाही. बाळाच्या आईला मात्र उघड्या तोंडानं उजेडात बसवा.