बंद पडण्याचं कारण

नव्या पुस्तकाच्या बाराव्या पानाची तिसरी ओळ निम्मी टाइप झाली होती, तेवढ्यात संगणकाचा पडदा काळा झाला. सकवारबाईंनी पुस्तकात पेन्सिल ठेवली, चष्मा काढून डबीत घातला आणि खुर्ची मागे सरकवून त्या उठल्या.

"झालं तास," त्या तमिळ मुलखातल्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाल्या. "अत्तां वीस मिनिटं मी तुझी. बोल रे गिरी."

गिरीधर कॉफीचा पेला हातात धरून तसाच उभा राहिला. आठ महिन्यांनी तो अण्णा नगरला मावशीकडे आला होता, आणि तेही आईनं तीनदा फोन केला म्हणून.

"हे असं रोज होतं?"

"रोज. तासाला तास. तूं लावलंस ते चुकेल कसं?" मावशीनं टेबलाखालच्या तळहाताएवढ्या काळ्या डबीचं, म्हणजे संगणकाचंच, बटण दाबलं, आणि दिवाणावर आडवी होऊन डोळ्यांत औषधाचे दोन-दोन थेंब सोडले. "ऑपरेशन झालं तेव्हां डॉक्टर तुझ्यासमोरच म्हणाले कीं नाहीं, एक तास झालं कीं डोळे मिटायचं? मी विसरले. तूं नाहीं विसरलास. सहा महिने बघितलंस, मी ऐकत नाहीं म्हणून मग तासाला बंद होईल असं लावलंस. आणि मिटल्यावर लगेच उठूं नये म्हणून ते सुरू व्हायला पण वीस मिनिटं लावून ठेवलंस. मी अस्क्यांना सांगते, भेटेल त्याला सांगते, पोटचं पोर पण इतकं करत नाहीं."

गिरीधरनं तोंडाला लावलेला पेला खाली घेतला. मावशी डोळे मिटून होती म्हणून बरं, नाहीतर त्याचं तोंड बघून तिला तेव्हाच सगळं कळलं असतं.

डॉक्टर काय म्हणाले होते ते त्याला आजच, इथे, पुन्हा आठवत होतं. मावशीचा संगणक त्यानं लावला तेव्हा त्याच्या मनात डॉक्टर नव्हते, डोळे नव्हते, खरं सांगायचं तर मावशीही नव्हती. ऑफिसात तो सर्व्हर, म्हणजे अख्ख्या कंपनीचं काम ओढणारे मोठे संगणक, सांभाळायचा. तिथल्या मित्रांच्या ग्रुपवर पैज लागली होती की मोठ्या सर्व्हरवर चालणारी प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, सगळ्यात मरतुकड्या यंत्रावर कोण चालवून दाखवतो. मावशीनं नेमकं त्याच आठवड्यात सांगितलं की मला टाइप करायला एक स्वस्तातलं यंत्र घेऊन दे. त्यानं बाजारातली सगळ्यात अशक्त डबी उचलली, नेहमीची घरगुती प्रणाली पुसून तिच्यावर सर्व्हरची चढवली, आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला. चव्वेचाळीस जणांनी अंगठे दाखवले. एकानं लिहिलं, 'गुरू, तू राक्षस आहेस!' त्या दिवशी तो हवेत तरंगत घरी गेला होता.

प्रणाली चाचणीसाठीची होती, फुकटची, सहा महिन्यांपुरती. मुदत संपली की ती दर तासाला यंत्र बंद करते. हे त्याला अक्षरशः पाठ होतं. नव्या पोरांना तो हेच शिकवायचा. मुदत संपण्याआधी जाऊन साधी प्रणाली घालून यायचं, असं त्यानं ठरवलंही होतं. मग राहून गेलं. मध्ये एकदा मावशीनं फोनवर विचारलं होतं, पडद्याच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरं आलीत, लायसन्सचं कांहीतरी म्हणतं, ते काय? आणि मीटिंगमध्ये बसल्या बसल्या तो म्हणाला होता, "कंपनीचं असतं ते, सोडून दे." मावशीनं सोडून दिलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढलेली बाई, पण भाच्यानं सांगितलं की प्रश्न मिटला.

"आवाज पण येत नाहीं ह्यातून," मावशी मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. "कामात असतां गाण्याची कचेरी ऐकत बसूं नये म्हणून ना? ते एक जरा कडक केलंस हं."

सर्व्हरच्या प्रणालीत आवाज मुळात बंदच असतो. तो सुरू करायला दोन मिनिटं लागली असती.

"मावशी," तो म्हणाला.

"काय रे?"

"काही नाही. पडून राहा."

डबी गुरगुरत होती. पडद्यावर ठिपक्यांचं कडं फिरत होतं. त्या एवढ्याशा जिवावर त्यानं काय लादून ठेवलं होतं, ते त्याला पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसत होतं. लावलं त्या दिवशी तो फोटो काढून निघून गेला होता.

बावीस मिनिटांनी पडदा उजळला आणि एक चौकट आली. सर्व्हर असा अचानक बंद पडून पुन्हा उठला की माणसाला जाब विचारतो: यंत्र का बंद पडलं, कारण लिहा. लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. गिरीधर ऑफिसात तिथे एक टिंब टाकून मोकळा व्हायचा. सगळेच टाकतात.

"तें काय विचारतं तें मी लिहिते," मावशी पडल्या जागेवरून म्हणाली. "तूं नको हात लावूं."

पण तिचा डोळा लागला. श्वास संथ झाला. त्यानं चौकटीत टिंब टाकलं आणि मागची कारणं कुठे साठतात तो भाग उघडला. किती वेळा बंद पडलं एवढंच त्याला बघायचं होतं.

त्याची आत्ताची सोडून दोनशे अठ्ठावन्न नोंदी होत्या, आणि एकीतही टिंब नव्हतं. मावशीनं प्रत्येक वेळी आपल्या एक्स्चेंजच्या नीटस इंग्रजीत उत्तर दिलं होतं. 'डोळ्यांना विश्रांती. गिरीच्या सांगण्यावरून.' पहिल्या चाळीसेक नोंदी तेवढ्याच. पुढे ती सैलावली होती, रोज तोच प्रश्न विचारणाऱ्याशी ओळख व्हावी तशी. 'डोळ्यांना विश्रांती. आज हरभऱ्याचं सुंडल केलं.' 'डोळ्यांना विश्रांती. अर्धं पान गेलं, चूक माझी, मी साठवलं नव्हतं.' 'डोळ्यांना विश्रांती. पुन्हा पान गेलं. गिरी बरोबर आहे, मी हावरटासारखी टाइप करते.' आणि तीन आठवड्यांपूर्वीची एक: 'डोळ्यांना विश्रांती. श्रीरंजनीला शेवटच्या दोन धड्यांना नाही म्हटलं. तासाचा नियम पाळून होणार नाहीत. मन खट्टू झालं. पण गिरीनं एवढं केलं, ते मोडायचं कसं?'

ती नोंद त्यानं दोनदा वाचली. खोलीत दुसरं कुणी जागं नव्हतं, तरी त्यानं ती खिडकी कुणी बघेल अशा घाईनं बंद केली. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

मावशी दचकून उठली. "आले वाटतं. भीमसेनराव. तुलाच भेटायला येतायत."

भीमसेनराव रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं टाइप करून देणाऱ्या म्हाताऱ्यांची एक टोळी त्यांनी जमवली होती. पुस्तक टाइप झालं की मुलांचा संगणक ते मुलांना वाचून दाखवायचा. मावशी त्या टोळीतली सगळ्यात चोख. भीमसेनरावांचं कोपर धरून एक मुलगी आत आली, विशीतली, काळा चष्मा, खांद्याला कॉलेजची पिशवी. हीच श्रीरंजनी. मावशीच्या घरचं मराठी तिला कळायचं, पण बोलायची ती तमिळच; मावशीला ती पाट्टी म्हणायची, म्हणजे आजी.

"पाट्टी, दोनशे पानं दिलीत, त्याचे थँक्स सांगायला आले," ती म्हणाली. "परवा पेपर झाला."

"कसं गेलं गं?" मावशीनं तिचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं.

"बरा गेला. शेवटचा प्रश्न सोडला. वीस मार्कांचा होता."

मावशीचा हात तिच्या मनगटावर तसाच राहिला. "त्या दोन धड्यांतला?"

"असू दे पाट्टी. तुमचे डोळे आधी."

गिरीधर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

भीमसेनराव मात्र मोठ्या उत्साहात होते. त्यांनी गिरीधरचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुमचं नांव ऐकून ऐकून कान किटलं हो आमचं. अहो, आमच्यांत अकरा जण आहेत, अस्के सत्तरीच्या पुढचे. नारायणस्वामींची तर पाठ गेली बसून बसून. घरचं कोण सांगतं उठा म्हणून? तुम्हीं सकवारबाईंना केलं तसं आम्हां अकरा जणांना करून द्या. खर्च काय तें सांगा. पुढच्या रविवारी अस्क्यांना घेऊन येतों."

"मी सांगितलं, गिरी नाहीं म्हणणार नाहीं," मावशी म्हणाली.

तिघंही त्याच्याकडे वळली, श्रीरंजनीसुद्धा. गिरीधरनं पेला टेबलावर ठेवला.

"मी काही केलेलं नाही," तो म्हणाला. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा आला. "म्हणजे, हे मी मुद्दाम लावलेलं नाही. चाचणीची प्रणाली आहे ती. मुदत संपली म्हणून तासाला बंद पडतं. मला माहीत होतं. ती बदलायची होती, मी विसरलो. आणि वीस मिनिटं लागतात ती... तसली प्रणाली ह्या यंत्राला पेलतच नाही. मी ती हौसेनं घातली होती. दाखवायला. डोळ्यांचा ह्यात काही संबंध नाही, मावशी. त्या दोन धड्यांना तू नाही म्हणायची गरजच नव्हती."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, आता कुणीतरी रागावेल. तेवढ्याची त्याला आस लागली होती.

मावशीनं भीमसेनरावांकडे पाहिलं आणि हसली. "बघा. म्हटलं नव्हतं मी? लहानपणापासून असाच. केलेलं कधीं कबूल करायचा नाहीं. शाळेत बक्षीस मिळालं तरी सर चुकले म्हणायचा."

"घरचं वळण!" भीमसेनराव मनापासून म्हणाले. "नाहींतर आजकालची पोरं."

"मावशी, खरंच सांगतोय. मी विसरलो होतो तुला."

'तुला' कसं निघालं तोंडातून, त्याचं त्यालाच कळलं नाही. मावशीनं आता त्याच्याकडे पाहिलं. औषधानं तिचे डोळे अजून ओले होते. मग ती पदरानं टेबलाचा कोपरा पुसायला लागली. तो स्वच्छच होता.

"पुरे रे," ती हळू म्हणाली. "भीमसेनरावांना कॉफी देते. तूं श्रीरंजनीला खालपर्यंत सोडून ये. तिची बस चुकेल."

हे बोलताना तिनं वर पाहिलं नाही. भीमसेनराव अकरा जणांची नावं कागदावर लिहायला बसले होते.

इमारतीला लिफ्ट नव्हती. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर उन्हाचा पट्टा पडला होता आणि कुणाच्यातरी स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. दाराबाहेर आल्यावर श्रीरंजनी थांबली. चपला तिनं पायानं चाचपून घातल्या.

"अण्णा, एक विचारू?"

"विचार."

"ते काढायला किती वेळ लागतो? जे तुम्ही विसरलात ते."

म्हणजे हिनं विश्वास ठेवला होता. ज्या शिक्षेची तो वर वाट बघत होता ती इथे, जिन्यात, एवढ्या साध्या आवाजात आली, आणि त्याला खोटं बोलायचा मोह झाला. एक दिवस म्हणावं, दोन दिवस म्हणावं.

"दोन तास," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. "पेपरात त्या प्रश्नाचा नंबर मी लिहायला लावला होता. माझ्यासाठी लिहायला बसलेल्या मुलीला म्हटलं, खाली दोन पानं कोरी सोड. काहीतरी आठवेल म्हणून. पाट्टी एकदा फोनवर बोलता बोलता थोडं सांगून गेल्या होत्या त्या धड्यातलं." तिनं पिशवी खांद्यावर वर सारली. "ती मुलगी अर्धा तास माझ्या तोंडाकडे बघत बसली असेल."

"मी आजच बदलतो. ते दोन धडे मी स्वतः—"

"दोन तास," ती म्हणाली. हे त्याला उद्देशून नव्हतं.

खाली रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. गिरीधर एक पायरी उतरून तिच्या बाजूला उभा राहिला आणि त्यानं कोपर पुढे केलं, तिच्या हाताला लागेल इतकं जवळ. ते तिच्या बोटांना लागलंही. श्रीरंजनीनं हात काढून घेतला, भिंतीवरून सरकवत पलीकडचा लोखंडी कठडा शोधला, आणि एक एक पायरी मोजत एकटीच उतरू लागली.