सहाशे बारा घरांचा राउटर

मित्रांनो, भिंगारच्या बाजारपेठेत चपलांच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे रॅकच्या तिसऱ्या फळीवर एक काळा डबा अखंड घुरघुरत असतो, तो मी. मला राउटर म्हणतात. घराघरातून आलेलं इंटरनेटचं बोलणं पुढे न्यायचं आणि उत्तर ज्याचं त्याला पोहोचवायचं, हे माझं काम. पोस्टमनसारखंच, फक्त पोस्टमनला दिवाळी मिळते.

माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पोटाखाली छापलेलं आहे. पण मला कधी कुणी उलटं केलं नाही, म्हणून वाचता आलेलं नाही. सात वर्षांपूर्वी प्रभुदास उजागरे यांनी मला जुन्या बाजारातून आणलं. ते मूळचे केबलवाले. मुलगी ग्लोरिया कॉम्प्युटर शिकून आली आणि टीव्हीच्या केबलच्या जोडीला इंटरनेट सुरू झालं. पहिल्या वर्षी मला रोज फडक्याने पुसत. दुसऱ्या वर्षी फडकं हरवलं.

इंटरनेटवर वावरायचं तर आकड्यांचा पत्ता लागतो. आमच्याकडे स्वतःचा एकही नव्हता. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने आठ पत्ते वापरायला दिले होते, आणि एकेका पत्त्यामागे पाऊणशे घरं दाटीवाटीने बसली होती. एवढी गर्दी पाहून वेबसाइटींना संशय यायचा. खाली शेजारच्या घरात शिवणकाम करणाऱ्या भीमाबाई तर जिना चढून भांडायला आल्या होत्या.

"ते सारखं इचारतंय, तू मानूस हाय का? आन् झेब्रा क्रॉसिंग दाखव म्हनतंय. भिंगारात कुठंय झेब्रा क्रॉसिंग?"

यंदा पुण्याच्या कंपनीने कळवलं की तीस तारखेला सगळे पत्ते परत घेणार. म्हणजे सहाशे बारा घरं एका दिवसात अंधारात. ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीकडे जाणार, उजागऱ्यांच्या खोलीला कुलूप लागणार आणि मी भंगारच्या हातगाडीवर.

आपल्या भागातले पत्ते वाटणारी एक नोंदणी संस्था आहे. ग्लोरियाने तिच्याकडे अर्ज करायचा ठरवला. लहानात लहान गठ्ठा दोनशे छप्पन पत्त्यांचा. त्यातला चौथा हिस्सा लगेच वापरात येईल, हे पुराव्यानिशी दाखवायचं. तिने जाळ्याचा नकाशा काढला, माझी पावती शोधली. 'सध्या जोडलेली घरं' हा रकाना तेवढा पप्पांवर सोडला. त्यांनी भरला आणि तिने न बघता अर्ज पाठवला.

पप्पांनी लिहिलं होतं, चाळीस.

त्यांना दोष देऊ नका, मित्रांनो. केबलच्या धंद्यात घरं कमी सांगायची असतात. जितकी सांगाल, तितक्यांचे चॅनलवाले मागतात. प्रभुदासांचा आकडा तीस वर्षं चाळीसच. चॅनलच्या माणसाला चाळीस, परवाना कचेरीच्या फॉर्मात चाळीस. जिल्ह्याची लोकसंख्या वाढली, यांची घरं वाढली नाहीत.

शुक्रवारी तीन वाजता संस्थेतल्या बाईंचा फोन आला. ग्लोरियाने स्पीकर लावला.

"उजागरे, चाळीस घरांना अकरा जंक्शन कशाला लागतात?"

"घरं लांब लांब हायेत, मॅडम," प्रभुदास म्हणाले.

"नकाशात तर सगळी एका किलोमीटरमध्ये आहेत. शिवाय चाळीस घरांना एवढे पत्ते देता येणार नाहीत. राउटरवरच्या जोडण्यांच्या यादीचा फोटो पाठवा. पाच वाजेपर्यंत उत्तर नाही आलं, तर अर्ज बंद होईल."

फोन ठेवला. नवा अर्ज तीस तारखेच्या आत मंजूर होणं शक्य नव्हतं. ग्लोरियाने मला विचारलं आणि मी सांगितलं, सहाशे बारा. खरं बोलणं हा माझा गुण नव्हे. बनावटच तशी आहे.

"पप्पा, खरा आकडा पाठवते."

"येडी का काय! परवान्याच्या फॉर्मात चाळीस हाय. दोन्ही कागद एका टेबलावर आले म्हंजे? तू सत्तर लिही. चौथा हिस्सा चौसष्ट होतोय ना? सत्तरात सगळं बसतंय."

"आणि फोटो?"

"सत्तर ठिवू, फोटो काढू, परत जोडू. दोन मिन्टाचं काम."

आणि त्यांनी माझ्या वायरी उपसायला सुरुवात केली. एकेका वायरीमागे पन्नासेक घरं. एक गेली, दुसरी गेली. इतकी शांतता माझ्या आयुष्यात कधी नव्हती. शेवटची एक वायर उरली तेव्हा माझ्यावर अठ्ठावन्न घरं होती. त्यांनी दुसरी एक खोचली, एकशे नऊ झाली. ती काढून तिसरी खोचली, एकशे चौदा. सत्तर काही जुळेना. घड्याळात साडेचार. बापलेकीचे मिळून तीन मोबाईल एकदम वाजू लागले.

जिन्यावर पावलं धडधडली. भीमाबाई होत्या, गळ्यात टेप तशीच.

"परभुदासदादा! आमच्या सृष्टीची मुलाखत चालूय! बँकेची! सायेब बोलता बोलता गपकन थिजला!"

प्रभुदासांचा हात वायरीवर थांबला. मग कुठली वायर कुठल्या भोकातली हे न बघता ते भराभरा खोचू लागले. ग्लोरिया मागून दुरुस्त करत गेली. माझे दिवे एकेक करून लुकलुकले. खालून सृष्टीची हाक आली, "आलं गं आई, आलं!"

भीमाबाई दम घेत खुर्चीत बसल्या. समोर अर्जाची प्रत पडली होती.

"ह्ये काय, चाळीस घरं?"

"तसं लिवायचं असतं, बाई."

"बरं. मंग माझं घर हाय का त्यात?"

प्रभुदासांनी अर्जाची प्रत आपल्याकडे ओढून घेतली.

"न्हाई, नुसतं इचारते. चाळीस कुनाची, ते तरी ठरवलंय का?"

ते तसं कधीच ठरलेलं नव्हतं, मित्रांनो. पाच वाजायला बारा मिनिटं होती. प्रभुदासांनी चष्मा पुसला, पेन घेतलं आणि सहाशे बारा लिहून सही केली. मग दुसरा कागद मागितला. परवाना कचेरीला, आधीचे फॉर्म चुकीचे आहेत असं कळवायला.

"आधी हा पाठवू दे, पप्पा," ग्लोरिया म्हणाली. माझ्या यादीचा फोटो चार अठ्ठावन्नला गेला.

पत्ते सत्तावीस तारखेला मिळाले. ते माझ्यात भरून ग्लोरियाने मला बंद करून चालू केलं. या वयात बंद होणं म्हणजे काय, हे तुम्हाला आजोबांना विचारावं लागेल. चार मिनिटं कुणी श्वास घेतला नाही. मी उठलो.

परवाना कचेरीची नोटीस परवा आली. सोमवारी प्रभुदासांना बोलावलं आहे. काय होईल ते मला ठाऊक नाही. त्यांनी शर्टाला इस्त्री करून ठेवली आहे, आणि काल पहिल्यांदाच ग्लोरियाला विचारलं, "ह्याला पंखा एकच हाय का गं? सहाशे घरांचा भार हाय बिचाऱ्यावर."

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत माझे भाऊबंद असतील. त्यांची धूळ पुसा, त्यांना वारा लागू द्या. आणि त्यांच्यावर किती जणांचं चालतं असं कुणी विचारलं, तर खरं सांगा. कमी सांगितलं तर वाट्याला जागा कमी येते, वारा कमी येतो. काम मात्र पुरतंच करावं लागतं.